कनेक्शन लागतंय पण टेबल सापडत नाही: लिबरऑफिस बेस आणि जावा

भावा, तुझा प्रश्न वाचला. मला समजलं ते असं. सांगलीच्या मार्केट यार्डात मामांचं हळदीचं अडत दुकान, तिथं सौद्याची नोंद लिबरऑफिस बेसमध्ये होते, फाईल मंडी डॉट ओडीबी, आणि तुला डिप्लोमाच्या प्रोजेक्टला नेटबीन्समध्ये जावा लिहून त्याच डेटावरनं शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, छापायचीय. एचएसक्यूएलडीबीचं, म्हणजे बेसच्या आत चालणाऱ्या डेटाबेस इंजिनचं, जार लायब्ररीत टाकलंस, यूआरएलमध्ये ओडीबी फाईलचा पाथ दिलास, कनेक्शन लागलं, पण सिलेक्ट मारला की "युजर लॅक्स प्रिव्हिलेज ऑर ऑब्जेक्ट नॉट फाउंड" येतंय आणि तू दोन दिवस एसए या ठरलेल्या युजरला परवानगी कशी द्यायची ते शोधत बसलायस. शिवाय मामांची अट, की त्यांचा फॉर्म आहे तसाच राहिला पाहिजे.

परवानगीचा नाद सोड. त्या मेसेजचा पुढचा अर्धा भागच खरा आहे, ऑब्जेक्ट सापडत नाही एवढंच त्याला म्हणायचंय, आणि एसए हा तसाही ॲडमिन असतो, त्याला आणखी काय परवानगी देणार. आता मंडी डॉट ओडीबी ज्या फोल्डरमध्ये आहे तो उघड. तिथं तू न बनवलेल्या फाईली दिसतील, मंडी डॉट ओडीबी डॉट स्क्रिप्ट, मंडी डॉट ओडीबी डॉट प्रॉपर्टीज, कदाचित एखादी एलसीके, म्हणजे लॉकची फाईल, पण. या तुझ्याच प्रोग्रामनं तयार केल्यात. एचएसक्यूएलडीबीची खोड अशी की फाईल मोडमध्ये दिलेल्या नावाचा डेटाबेस सापडला नाही तर तो तक्रार करत नाही, त्या नावाला आपलं एक्स्टेन्शन चिकटवून गुपचूप नवा कोरा डेटाबेस बनवतो आणि कनेक्शन देऊन मोकळा होतो. म्हणजे तुझं कनेक्शन लागलंय ते रिकाम्या डेटाबेसला, मामांच्या डेटाला अजून हात पण लागलेला नाही. म्हणून यूआरएलच्या शेवटी सेमीकोलन देऊन इफएक्झिस्ट्स इक्वल टू ट्रू हे कायम लिहीत जा, मग डेटाबेस नसला तर सरळ एरर येतो आणि डोकं खराब होत नाही. त्या फालतू फाईली डिलीट कर, खुद्द ओडीबीला तेवढा धक्का लावू नको.

आता मूळ गोष्ट. ओडीबी म्हणजे डेटाबेस नव्हे, ती झिप फाईल आहे. शिवलेल्या पोत्यावर हात फिरवून आतली हळद मागावी तसं चाललंय तुझं. ओडीबीची एक कॉपी कर, कॉपीचं एक्स्टेन्शन बदलून झिप कर आणि उघड. आत कंटेंट डॉट एक्सएमएल असेल, फॉर्म्स आणि रिपोर्ट्सचे फोल्डर असतील आणि डेटाबेस नावाचा एक फोल्डर असेल. खरा माल त्या शेवटच्या फोल्डरमध्ये आहे, स्क्रिप्ट, प्रॉपर्टीज, डेटा, बॅकअप अशा नावांच्या फाईली. बेस उघडलं की लिबरऑफिस यातला डेटाबेस आतल्या आत चालवतं आणि सेव्ह करताना, बंद करताना परत झिपमध्ये बांधून ठेवतं. हे बांधायचं काम चालू असताना लाईट गेली की काय होतं ते ज्याचं गेलंय त्यालाच विचार, आमच्याकडं बेसची जी काही रडगाणी येतात त्यातली बरीचशी इथलीच असतात. त्यामुळं जावा असो नसो, रोजच्या धंद्याचा डेटा एम्बेडेड, म्हणजे असा पोटातच डेटाबेस असलेल्या, ओडीबीत ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिकायला ठीक, घरच्या पुस्तकांच्या यादीला ठीक, अडतीला नाही.

तर डेटा बाहेर काढायचा. आधी मामांच्या मशीनवर बेस उघडून टूल्समध्ये एसक्यूएलची खिडकी आहे तिथं शटडाऊन कॉम्पॅक्ट अशी कमांड दे, म्हणजे आतला पसारा आवरला जातो, मग फाईल सेव्ह करून लिबरऑफिस पूर्ण बंद कर, क्विकस्टार्टर चालू असेल तर तो पण. मग ओडीबीची कॉपी घे आणि तिच्यातल्या डेटाबेस फोल्डरमधल्या फाईली सी ड्राइव्हवर हिशोब नावाच्या फोल्डरमध्ये काढ. आत असताना त्यांना पुढं नाव नसतं, नुसतं स्क्रिप्ट, नुसतं डेटा असं असतं, ते बदलून मंडी डॉट स्क्रिप्ट, मंडी डॉट प्रॉपर्टीज, मंडी डॉट डेटा, मंडी डॉट बॅकअप असं करायचं. इथं विंडोज एक्स्टेन्शन लपवत असेल तर घोटाळा होतो, मंडी डॉट स्क्रिप्ट डॉट टीएक्सटी असलं काहीतरी बनतं आणि दिसत पण नाही, आधी एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायला लाव. यूआरएलमध्ये मात्र एक्स्टेन्शन द्यायचं नाही. जेडीबीसी कोलन एचएसक्यूएलडीबी कोलन फाईल कोलन, पुढं सी कोलन स्लॅश हिशोब स्लॅश मंडी, संपलं. स्लॅश पुढं झुकलेलाच वापर, विंडोजवर पण चालतो, उलटा दिलास तर जावाच्या स्ट्रिंगमध्ये डबल करत बसावं लागतं. युजर एसए, पासवर्ड रिकामा.

मंडी डॉट स्क्रिप्ट एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघच, सेव्ह मात्र करू नको. साधी टेक्स्ट फाईल आहे, आत क्रिएट कॅश्ड टेबलच्या ओळी दिसतील, म्हणजे मामांच्या फाईलमध्ये नक्की कुठली टेबलं आहेत आणि कॉलमची नावं कशी लिहिलीत ते तिथंच कळतं, कुणाला विचारायला नको. कुणी टेबलला मराठी नाव दिलं असेल तर तिथं मराठी दिसणार नाही, हळद असेल तर बॅकस्लॅश यू ०९३९, मग ०९३३, मग ०९२६ असं दिसेल, ते ह, ळ आणि द चे युनिकोड नंबर आहेत, फाईल करप्ट झाली म्हणून घाबरू नको. प्रॉपर्टीज फाईलमध्ये व्हर्जन १.८.० लिहिलेलं सापडेल. लिबरऑफिसच्या पोटातला एचएसक्यूएलडीबी अजून त्याच जुन्या १.८ चा आहे. तू डाऊनलोड केलेलं जार २ च्या पुढचं आहे, तो तुझा एरर २ चाच आहे, १.८ नुसतं टेबल नॉट फाउंड म्हणतं. २ चं जार १.८ चा डेटा उघडतं आणि उघडताना वरच्या व्हर्जनला नेतं, पण एकदा वर गेलेला डेटा परत १.८ ला उघडत नाही. म्हणून सगळं कॉपीवर करायचं, ओरिजिनल ओडीबी पेनड्राइव्हवर वेगळी ठेवायची. मी २ च वापर म्हणेन, १.८ मध्ये तारखेची फंक्शन आणि बाकी बरंच काही तोकडं आहे.

प्रोग्रामला हात लावायच्या आधी एक टेस्ट. त्या जारमध्येच डेटाबेस मॅनेजर नावाचं छोटं टूल आहे, कमांड प्रॉम्प्टवर जावा, डॅश जार आणि जारचं नाव दिलं की खिडकी उघडते. तिथं हाच यूआरएल टाक. डाव्या बाजूला टेबलांची नावं आली तर डेटा व्यवस्थित निघालाय, पुढं जे काही अडेल ते तुझ्या कोडमध्ये. नाही आली तर कोड कितीही बदल, उपयोग नाही. पोरं ही पायरी सोडतात आणि नेटबीन्समध्ये तासन्‌तास डोकं फोडतात. इथं टेबलं दिसली की शटडाऊन कॉम्पॅक्ट देऊन बंद कर, म्हणजे डेटा नव्या व्हर्जनमध्ये नीट बसतो.

"नो सुटेबल ड्रायव्हर" आलं तर दोनच कारणं, जार प्रोजेक्टच्या लायब्ररीत नाही नाहीतर यूआरएलमध्ये स्पेलिंग चुकलंय, एखादा कोलन गेलाय. क्लास डॉट फॉरनेम लिहायची २ च्या जारला गरज नाही, लिहिलंस तरी बिघडत नाही, ओआरजी डॉट एचएसक्यूएलडीबी डॉट जेडीबीसीड्रायव्हर हे जुनं नाव अजून चालतं.

आणि आता तुला नक्की येणारा पुढचा एरर. टेबल समोर दिसतंय, सिलेक्ट स्टार फ्रॉम सौदा लिहिलंय, तरी परत तेच ऑब्जेक्ट नॉट फाउंड. एररमध्ये नीट बघ, टेबलचं नाव सगळं कॅपिटलमध्ये आलेलं असेल. एचएसक्यूएलडीबी कोटमध्ये नसलेलं प्रत्येक नाव कॅपिटल करून शोधतो, आणि बेसच्या डिझाईन खिडकीत टेबल बनवलं की ते जसं टाईप केलं तसंच कोटमध्ये बनतं, पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकी स्मॉल. दोन्ही वेगळी नावं झाली. तेव्हा टेबल आणि कॉलम दोन्हीची नावं डबल कोटमध्ये, जावाच्या स्ट्रिंगमध्ये प्रत्येक कोटच्या आधी बॅकस्लॅश. दिसायला घाण दिसतं पण इलाज नाही. व्हॅल्यू मात्र सिंगल कोटमध्ये, खरं तर व्हॅल्यू स्ट्रिंगमध्ये जोडूच नको, प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापर आणि प्रश्नचिन्हं टाक, म्हणजे शेतकऱ्याच्या नावात किंवा गावाच्या नावात काही आडवंतिडवं चिन्ह आलं तरी अडत नाही. टेबलची नावं बदलून कॅपिटल करायचा मोह होईल, करू नको, मामांच्या फॉर्मला आणि क्वेरीला जुनीच नावं माहिती आहेत.

मामांचा फॉर्म. फाईल मोडमध्ये डेटाबेस एका वेळी एकाच प्रोसेसला उघडता येतो, एलसीके फाईल त्यासाठीच असते. तुझा पट्टीचा प्रोग्राम चालू आणि तेवढ्यात मामांनी बेस उघडलं की दोघांतल्या एकाला "डेटाबेस लॉक ॲक्विझिशन फेल्युअर" मिळणार, आणि सौदे चालू असताना मामा काय बोलतील ते मी लिहीत नाही. एलसीके फाईल डिलीट करून वाट काढायची असला सल्ला कुणी दिला तर ऐकू नको, दोघं एकाच डेटा फाईलवर लिहायला लागले की ती गेलीच. उपाय म्हणजे सर्व्हर मोड. वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही, जार तेच. हिशोब फोल्डरमध्ये सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज नावाची टेक्स्ट फाईल बनव, तिच्यात दोन ओळी, सर्व्हर डॉट डेटाबेस डॉट झिरो इक्वल टू फाईल कोलन आणि तोच पाथ, आणि सर्व्हर डॉट डीबीनेम डॉट झिरो इक्वल टू मंडी, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. मग त्याच फोल्डरमधनं जावा, डॅश सीपी, जार, आणि ओआरजी डॉट एचएसक्यूएलडीबी डॉट सर्व्हर डॉट सर्व्हर हा क्लास, यातला शेवटचा सर्व्हर कॅपिटल एसनं. ती एक ओळ बॅच फाईलमध्ये टाकून विंडोजच्या टास्क शेड्युलरला लाव, मशीन चालू झालं की सर्व्हर चालू. तो ९००१ पोर्टवर बसतो. मग तुझा यूआरएल होतो जेडीबीसी कोलन एचएसक्यूएलडीबी कोलन एचएसक्यूएल कोलन डबल स्लॅश लोकलहोस्ट स्लॅश मंडी. जावाचं बाकीचं कोड अक्षरभर पण बदलत नाही, म्हणून यूआरएल कोडमध्ये न लिहिता वेगळ्या कॉन्फिग फाईलमध्ये ठेव.

बेसला पण त्याच सर्व्हरला जोडायचं. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथं क्लास पाथचं बटण आहे, ॲड आर्काइव्ह करून २ चं जार दे आणि लिबरऑफिस बंद करून परत चालू कर. एक धोका लक्षात ठेव, हे जार एकदा क्लास पाथमध्ये गेलं की त्या मशीनवर जुन्या एम्बेडेड ओडीबी कॉपी केल्याशिवाय उघडू नको, व्हर्जनची भानगड होऊ शकते. मग नवीन डेटाबेस, "कनेक्ट टू ॲन एक्झिस्टिंग डेटाबेस", यादीतनं जेडीबीसी, यूआरएलमध्ये वरचाच पत्ता पण सुरुवातीचं जेडीबीसी कोलन सोडून, ते बेस आधीच लिहून ठेवतं. ड्रायव्हर क्लासला वर सांगितलेलं नाव देऊन टेस्ट क्लास दाब. लोड झाला म्हणालं तर काम फत्ते, नाही म्हणालं तर बहुतेक जावा आणि लिबरऑफिस यातलं एक ३२ बिट आणि एक ६४ बिट आहे, दोन्ही एकच पाहिजेत. आता जुनी ओडीबी, म्हणजे तिची कॉपीच, शेजारी उघड आणि फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट कॉपी पेस्ट करून नव्या ओडीबीत घे. फॉर्म रिकामा आला तर डिझाईन मोडमध्ये फॉर्मच्या प्रॉपर्टीजमध्ये डेटाच्या टॅबवर टेबल परत निवडून दे. डेस्कटॉपवरच्या आयकॉनचं नाव जुनंच ठेव. मामांना तोच फॉर्म, तीच बटणं दिसणार, आत डेटा कुठनं येतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. एवढंच सांगून ठेव की जावामधनं भरलेली नोंद फॉर्मवर आपोआप येत नाही, रिफ्रेशचं बटण दाबायचं.

दुसऱ्या टेबलावरच्या मशीनवरनं पट्टी काढायची असेल तर लोकलहोस्टच्या जागी काउंटरच्या मशीनचा आयपी आणि फायरवॉलमध्ये ९००१ मोकळा. पण त्याआधी एसएला पासवर्ड लाव, रिकाम्या पासवर्डचा डेटाबेस दुकानाच्या वायफायवर उघडा ठेवायचा नसतो. आणि ओडीबी शेअर्ड फोल्डरमध्ये टाकून दोन मशीनवर उघडायचा जुगाड कुणी सुचवेल, त्याला हात जोड.

कोड लिहिताना पट्टीच्या बाबतीत दोनतीन गोष्टी बघ. रक्कम आणि वजन डबलमध्ये घेऊ नको. क्विंटलचा दर, पोत्यांचं निव्वळ वजन, त्यातनं अडत, हमाली, तोलाई वजा, एवढ्या गुणाकार वजाबाकीत डबल कुठंतरी पैशाचा फरक पाडतं आणि शेतकरी तिथंच बोट ठेवतो. टेबलमध्ये डेसिमल, जावामध्ये बिगडेसिमल, आणि राउंडिंग कुठं करायचं ते मामांना विचारून एकाच ठिकाणी कर. नवीन सौदा टाकल्यावर त्याचा ऑटो नंबर परत पाहिजे असेल तर मॅक्स आयडी शोधायचा प्रकार करू नको, तेवढ्यात फॉर्मवरनं दुसरी नोंद पडली की तुझी पट्टी भलत्याच शेतकऱ्याला लागते. रिटर्न जनरेटेड कीज २ मध्ये चालतं, त्याच कनेक्शनवर कॉल आयडेंटिटी पण चालतं. सौदा आणि त्याच्या वजनाच्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, ऑटोकमिट बंद करून.

प्रोग्राम बंद करताना कनेक्शन क्लोज करायचं, ते वेगळं सांगायला नको. पण फाईल मोडमध्ये असशील तर शटडाऊन पण द्यायचा, नाहीतर यूआरएलमध्ये शटडाऊन इक्वल टू ट्रू टाकायचं म्हणजे शेवटचं कनेक्शन बंद झालं की डेटाबेस नीट मिटतो. सर्व्हर मोडमध्ये हे टाकू नको आणि तुझ्या प्रोग्राममधनं शटडाऊन पण पाठवू नको, मामांचा फॉर्म लटकेल. रात्री दुकान बंद करताना एक छोटी बॅच चालू दे, आधी बॅकअप डेटाबेस टू आणि फोल्डरचं नाव, शेवटी ब्लॉकिंग, याची चालू सर्व्हरवर तारीखवेळेच्या नावानं कॉम्प्रेस केलेली फाईल तयार होते, मग शटडाऊन. ती फाईल त्याच मशीनवर ठेवून काही उपयोग नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गणपती पेठेत शिरलं तेव्हा कितीतरी दुकानांचे सीपीयू खालीच टेबलाखाली होते, बॅकअप होता पण त्याच हार्ड डिस्कवर. २०२१ ला परत पाणी आलं. गुगल ड्राइव्हवर जाऊ दे नाहीतर पेनड्राइव्हवर घरी.

मराठी नावं नेटबीन्सच्या आऊटपुट खिडकीत किंवा काळ्या स्क्रीनवर प्रश्नचिन्हं दिसली तर डेटाबेसला दोष देऊ नको, स्विंगच्या टेक्स्टबॉक्सला निर्मला यूआय किंवा मंगल फॉन्ट लावून बघ, तिथं बरोबर दिसलं तर डेटा बरोबर आहे. तिथं पण इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर मात्र मामांच्या माणसानं श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टायपिंग केलेलं असणार, आत मराठी नाहीच, मराठीसारखी दिसणारी इंग्रजी अक्षरं आहेत. तो डेटा कन्व्हर्टरमधनं एकदा युनिकोड करून घ्यावाच लागतो, नावावरनं शोधणं नाहीतर चालत नाही. प्रोजेक्टच्या आधी हे तपासून घे, कारण यात वेळ जातो.

आता तुझा उपप्रश्न, सर म्हणतात ॲक्सेसमध्ये कर, सोपं पडेल. सरांच्या नोट्समध्ये सन डॉट जेडीबीसी डॉट ओडीबीसी असा ड्रायव्हर असेल, तो ब्रिज जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासूनच काढून टाकलाय, नवीन जावावर क्लास नॉट फाउंड येणार. ॲक्सेसला जावामधनं जोडायला यूकॅनॲक्सेस नावाची फुकट लायब्ररी आहे, चालते चांगली, मजा म्हणजे तिच्या पोटात पण एचएसक्यूएलडीबीच आहे. पण मामांकडं लिबरऑफिस आहे, ॲक्सेसचं लायसन्स नाही, एका प्रोजेक्टसाठी डेटा इकडचा तिकडं नेऊन वर एमएस ऑफिस विकत घ्यायला लावायचं मला तरी पटत नाही. आणि झिपमध्ये डेटाबेस फोल्डरात स्क्रिप्टच्या ऐवजी फायरबर्ड डॉट एफबीके दिसलं तर आतलं इंजिन एचएसक्यूएलडीबी नसून फायरबर्ड आहे, वरचं यूआरएलचं काही लागू नाही, ती फाईल फायरबर्डमध्ये जीबॅकनं रिस्टोअर करून जेबर्ड ड्रायव्हरनं जोडायची. तुझ्या मेसेजवरनं ते तसं वाटत नाही, पण झिप उघडशील तेव्हा कळेलच.

तोंडी परीक्षेला कॉलेजच्या मशीनवर सर्व्हर, टास्क शेड्युलर असलं काही लावत बसू नको, तिथं ॲडमिन पासवर्ड मिळत नाही. पेनड्राइव्हवर प्रोजेक्ट, जार आणि मंडीच्या फाईलींची कॉपी घेऊन जा, शेतकऱ्यांची नावं आणि फोन नंबर बदलून, खरा डेटा कॉलेजात न्यायचा नाही. कॉन्फिग फाईलमध्ये यूआरएल फाईल मोडचा कर आणि पाथ सी ड्राइव्हचा न देता जिथनं प्रोग्राम चालतो तिथला दे, डॉट स्लॅश डेटा स्लॅश मंडी असा, इफएक्झिस्ट्स विसरू नको. आदल्या दिवशी मित्राच्या लॅपटॉपवर एकदा चालवून बघ. अडलास तर एरर पूर्ण टाक, नुसतं "चालत नाही" टाकू नको, आणि सोबत यूआरएलची ओळ पण लिही.